मी भरला नाही तो चुडा

मी इंदू, बांगडीवाली. म्हैसूरच्या ह्या विजयनगरात सगळ्या बायका मला इंदूअक्का म्हणतात, मराठी पण आणि कन्नड पण. आधीच सांगून ठेवतो ताई, माझं बोलणं ऐकून हसू नका, आमच्यात बायकाही मी येतो, मी जातो असंच म्हणतात. आमचे आजोबा निपाणीकडचे कासार, दसऱ्याला बांगड्यांची पेटी घेऊन म्हैसूरला आले, माल सगळा खपला, इथली हवा आवडली आणि परत जायचं विसरले. आजीला मागून निरोप धाडून बोलावून घेतलं. तेव्हापासून आम्ही इथलेच, घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. पुण्यामुंबईकडच्या ज्या नव्या बायका कॉम्प्युटरच्या नोकरीला इथं आल्यात त्या म्हणतात इंदूअक्का तुमचं मराठी किती गोड, आणि तोंड फिरवून हसतात, मला कळतं की. हसू देत, हसणाऱ्या बाईचा हात सैल पडतो आणि बांगडी पटकन चढते.

खरंच, चेष्टा नाही करत. काचेची बांगडी भरायची म्हणजे अंगठा आत दुमडायचा, हाताची हाडं अशी एकावर एक दाबायची, आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. ती हाताकडं बघत बसली की हात ताठ करते, मग बांगडी वाढते, फुटली म्हणायचं नाही आमच्यात, वाढली म्हणायचं. म्हणून मी विचारत बसतो, काय हो, सासूबाई आल्या का गावाहून, नवरा घरी असतो का कंपनीत, आणि ती सांगायला लागते, सांगता सांगता सगळंच सांगते. हात धरल्यावर बाई खोटं बोलत नाही बघा. सासरचं, माहेरचं, आजारपणाचं, पाळी चुकल्याचं, सगळं मला ठाऊक. आणि माझ्या पोटातून बाहेर जात नाही, तेवढं मात्र आहे.

लहानपणाचं काय सांगू तुम्हाला. आप्पा आम्ही लहान असताना तापाने गेले. आई डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची, मी आणि माझी धाकटी बहीण मालू घरी. घर म्हणजे एक खोली, पुढं दार, दाराला कडी नाही, कडी तुटलेली, दोरीने बांधायचं. आई जाताना बाहेरून दोरी बांधायची आणि म्हणायची कोणी आलं तर आवाज द्यायचा नाही. पण आम्ही काय कमी होतो, खिडकीतून बाहेर पडायचं, चिंचा पाडायच्या, आई यायच्या आत परत आत. फार मजा केली ताई, गरिबी होती पण मजा काही थांबली नव्हती. पोट भरलेलं नसलं की चिंच जास्त गोड लागते का काय कोण जाणे.

आता गंमत ऐका. मी नववीत असताना आमच्या शाळेत एक बाई आल्या. पोरांना बाहेर काढलं, पोरींना बसवलं, भिंतीवर एक तक्ता टांगला. तक्त्यावर एक रडकी मुलगी, तिच्या कडेवर बाळ, आणि दुसऱ्या बाजूला हसरी मुलगी, तिच्या हातात पुस्तक. बाईंनी आमच्याकडून म्हणून घेतलं, कन्नडमध्ये, अठराच्या आत लग्न नको, विशीच्या आत बाळ नको. पाढे म्हणतो तसं आम्ही म्हटलं. का नको, नको तर काय करायचं, बाळ येतं कसं आणि येऊ नये म्हणून काय करतात, ते काही नाही, ते विचारायला एक पोरगी उठली तर आमच्या टीचरनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं. मग त्याच घोषणेची स्पर्धा ठेवली, कोण मोठ्याने आणि न अडखळता म्हणतं. माझा आवाज बघा तुम्ही, पाटी घेऊन फिरणाऱ्या आईची लेक, पहिला नंबर माझा. बक्षीस मिळाला स्टीलचा डबा, त्याच्यावर सुईने टोचून लिहिलेलं, बालविवाह विरोधी घोषणा, प्रथम क्रमांक.

आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पंधरावं संपलं नव्हतं. आईने तो डबा रुखवतात मांडला हो, सगळ्यात पुढं, लाडू भरून. नवऱ्याकडच्या एका काकांनी वरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि म्हणाले वा, मुलगी हुशार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या टीचर पण आल्या होत्या, ब्लाउजपीस देऊन, जेवून गेल्या, पायसम छान झालंय म्हणाल्या. कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्या पण नाही. आता ते आठवलं की मी एकटाच हसत सुटतो, माझ्या बांगड्यांच्या गाड्यावर उभी असलेली गिऱ्हाईकं बघत राहतात.

तुम्ही म्हणाल आई अडाणी होती. तसं नाही ताई. आईला सगळं ठाऊक होतं, रेडिओवर ऐकलेलं, दवाखान्याच्या भिंतीवर बघितलेलं, कोवळ्या वयात बाळंतपण म्हणजे काय ते तिच्या बहिणीचं बघितलेलं. पण तिच्यापुढं प्रश्न अठराचा नव्हताच, तिच्यापुढं प्रश्न दुपारचा होता. पोरगी मोठी झाली, दाराला दोरी, आपण दिवसभर बाहेर, दुपारी घरात कोण येईल कोण जाईल, ह्या भीतीने तिला कोणाच्या दारात बांगड्या भरताना पण चैन पडेना. ज्याच्या घराला कडी आहे त्याच्या घरी पोरगी गेली की आपण सुटलो, एवढाच तिचा हिशोब. जे सांगायला आले ते कुठल्या वयापर्यंत लग्न करू नये तेवढं सांगून गेले. तोपर्यंत पोरीला ठेवायची कुठं ते कोणी सांगितलं नाही.

माझं नशीब चांगलं, आमचे हे फार गरीब स्वभावाचे. लग्नानंतर पहिल्यांदा बोलले ते काय, तर मसाला डोसा खाणार का. पण अक्कल दोघांनाही नव्हती. मला दिवस गेले तर मला वाटलं पोटात वारा धरलाय, मी रोज हिंग आणि ताक घेत होतो, हे बिचारे हिंग आणून देत होते. शेवटी सासूबाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला, अय्यो, एनु माडोदु, काय करायचं ह्या दोघांचं म्हणाल्या. पोरगा झाला तेव्हा मी आठ दिवस दवाखान्यात पडून, रक्त कमी, डॉक्टरीणबाई ओरडल्या मला, जणू मीच ठरवून केलं होतं सगळं. मग तीन वर्षांनी नंदा झाली, मग ऑपरेशन. नंदाला मात्र मी शिकवलं, ती आता मंड्याला असते, तिचं ती बघते. तोपर्यंत आमच्या घराला कडी पण होती आणि दुपारी सासूबाई पण होत्या, म्हणून ते जमलं. हे मी नेहमी म्हणतो, मी शहाणा झालो म्हणून नाही जमलं, सासूबाई घरात होत्या म्हणून जमलं.

आता मालूकडं येतो. मालूचं पण सोळाव्या वर्षी झालं. नवरा लॉरीवर, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी घरी. ती इथंच जवळ हूटगळ्ळीला भाड्याच्या खोलीत राहते, बेळगोळला एका कंपनीत पॅकिंगला जाते, शिफ्टची नोकरी. तिला एकच पोरगी, पल्लवी, दहावीला चांगले मार्क पडले, गप्प पोरगी, पण एकदा हसायला लागली की थांबत नाही, आमच्यावर गेली. निकाल लागला आणि पंधरा दिवसांत मालूचा फोन. अक्का, पल्लवीचं ठरलं, हुणसूरकडचा मुलगा आहे, गॅरेजमध्ये काम करतो, व्यसन नाही, देवळात उरकतोय, तू चुडा घेऊन ये, लहान माप आण.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हिरवा चुडा भरल्याशिवाय पुढचं काही होत नाही. नवरी चुडा भरून घेते आणि कासारणीच्या पाया पडते, मग ती राजाची लेक असो नाहीतर कोणी असो. आणि इथं मी कासारीण पण आणि मावशी पण. मी फोनवर बरं म्हणालो. नको म्हणायचं होतं, पण मालू माझ्यापेक्षा रागीट आहे. गेलो पाटी घेऊन.

पल्लवी पाटावर बसली, शेजारच्या बायका भोवती, हळद वाटून झालेली. मी तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यात लहान मापाची बांगडी लावली. ताई, ती बांगडी दाबावीच लागली नाही. नवरीचा हात म्हणजे दाबावा लागतो, ती आई ग म्हणते, बायका हसतात, त्यात मजा असते. हिच्या हातावर बांगडी सरळ आत गेली आणि परत खाली येऊन बोटांवर लटकली. पल्लवी माझ्याकडं बघत होती, मी काय विचारतो त्याची वाट बघत. मी रोज शंभर बायकांना विचारतो आणि तिला विचारायला मला एक शब्द सुचेना. मी बांगडी काढून घेतली, पाटीत ठेवली, वरून फडकं टाकलं आणि म्हणालो, मी नाही भरत.

मग काय झालं ते काय सांगू. मालूने भांडं आपटलं. म्हणाली सुम्निरु अक्का, गप्प बस, तू नाही भरलीस तर दुकानात प्लास्टिकच्या मिळतात, लग्न काही तुझ्या पाटीवर अडलं नाही. खरं होतं ते. मी म्हणालो कायदा आहे. म्हणाली कायदा माझ्या शिफ्टला येऊन पोरीला बघणार आहे का. मी म्हणालो शिकेल पोरगी. म्हणाली शिकू दे की, नवरा शिकवतो म्हणालाय. आणि मग तिने ते काढलं जे मला सगळ्यात लागलं. म्हणाली तुझं नाही का झालं पंधराव्या वर्षी, मेलीस का तू, बघ किती हसत असतेस दिवसभर.

मी हसतो हे खरंच आहे. पण मी म्हणालो, मालू, हसतो तो माझा स्वभाव आहे, त्याचं पुण्य त्या लग्नाला नको देऊस. तेव्हा ती खाली बसली. रडली नाही, मालू रडत नाही. हळू म्हणाली, अक्का, दुपारी दोनला मी कामाला निघतो, रात्री अकरा वाजतात यायला. ह्या गल्लीत दुपारभर पोरं बाइकवर बसलेली असतात. दोन वर्षं ही कुठं बसणार, ते सांग, मी लग्न मोडतो.

मी ते ऐकलं आणि मला आई दिसली, आईची दोरी दिसली. इतकी वर्षं ह्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नव्हतं आणि आता तो माझ्या पुढ्यात होता. आमच्या घरात मुलगा, सून, नातू, आम्ही दोघं, पाय पसरायला जागा नाही. पण मी विचार केलाच नाही. म्हणालो, माझ्याजवळ. पल्लवी इतक्या जोरात हसली की हळदीचं ताट सांडलं. तिला वाटलं होतं मी फक्त चार शब्द बोलून जाणार.

नवऱ्या मुलाकडं, लग्न मोडलं म्हणून सांगायला मीच गेलो, आमच्या ह्यांना घेऊन. भीती वाटत होती, शिव्या पडतील. तर तो मुलगा चहा घेऊन बाहेर आला आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते लपत नव्हतं, त्याला पण कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. त्याची आई थोडी बडबडली, मग आयतु बिडी म्हणाली, जाऊ दे म्हणाली. पुढं त्याचं लग्न दुसरीकडं झालं तेव्हा तिने बांगड्या भरायला मलाच बोलावलं. चांगली दणकट नवरी होती, असा हात दाबला की मंडपभर ओरडली.

झालं, पल्लवी माझ्याकडं आली. सकाळी कॉलेज, दुपारी माझ्या गाड्यावर एका स्टुलावर. पण रस्त्यावरचं स्टूल म्हणजे काही अभ्यासाची जागा नाही. तिथं आल्या अनघाताई, माझ्या गिऱ्हाईक, नाशिककडच्या, नवरा-बायको दोघं घरून काम करतात. संक्रांतीच्या बांगड्या भरताना त्यांनी विचारलं ही कोण, मी सांगितलं सगळं, ह्या वेळेला हात त्यांचा होता आणि बोलत मी होतो. त्या म्हणाल्या आमची गाडी बाहेरच उभी असते, गॅरेज रिकामं आहे, तिथं बसू दे तिला. मी म्हणालो ताई, भाडं. म्हणाल्या माझ्या लेकीला तुमच्यासारखं पोट धरून हसायला शिकवा, ते भाडं.

मालूच्या शिफ्टला आणखी बायका, त्यांच्या पण पोरी. एक आली, मग तिची मैत्रीण आली, मग एकीची धाकटी बहीण. बसने हूटगळ्ळीहून इथं काही लांब नाही. आता दुपारी गॅरेजचं शटर अर्धं वर असतं आणि आत असा दंगा असतो की अनघाताईंचे मिस्टर मीटिंग सोडून खाली येतात, हात जोडून म्हणतात पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं. अभ्यास करतात, माझ्या बांगड्या मापाप्रमाणे लावून देतात, शेंगदाणे खातात. रात्री शिफ्ट सुटली की कंपनीची गाडी कोपऱ्यावर थांबते, आया आपापल्या पोरींना घेऊन जातात. आणि बांगड्या लावता लावता मी त्यांना सगळं सांगतो, मला जे कोणी सांगितलं नाही ते. हिंगाची गोष्ट पण सांगतो, लोळून हसतात, आणि हसल्या की मग विचारतात. जो शब्द मला येत नाही तो अनघाताई सांगतात, त्या लाजतात, मी नाही लाजत, आमचं असं जमून गेलंय.

मागं एकदा आरोग्य खात्याकडून एक बाई आल्या, तरुण होत्या, हातात नवा तक्ता. पण तीच रडकी मुलगी आणि तीच हसरी मुलगी, कपडे तेवढे बदललेले. त्यांनी घोषणा सुरू केली आणि माझ्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघाली, पहिला नंबर होता ना माझा. पोरी खो खो. त्या बाई बावरल्या. मी म्हणालो बसा, चहा घ्या, तक्ता ठेवा बाजूला. चहा पिता पिता मी सवयीने त्यांचा हात धरला आणि विचारलं, तुमचं कधी झालं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या सोळाव्या वर्षी. आणि मग त्यांनी जे सांगितलं, बाळंतपणाचं, परीक्षा सुटल्याचं, पुन्हा बारावी केल्याचं, ते ऐकताना एक पोरगी हलली नाही. जाताना म्हणाल्या, अक्का, मी गल्लोगल्ली जाते, पण मला बसा असं कोणी म्हणतच नाही. आता महिन्याला येतात, तक्ता आणत नाहीत.

आणि पल्लवी. पल्लवीचं काय सांगू. बारावी झाली, बी.कॉम.ला गेली, गॅरेजमधल्या धाकट्या पोरींना गणित शिकवते, मला मोबाइलवर पैसे घ्यायला तिनेच शिकवलं. मालू पहिले सहा महिने रोज विचारायची, अजून किती राहिले अठराला, जणू तिथं पोरगी ठेवून पुढची बस पकडायची आहे. मग हळूहळू विचारायची थांबली. शिफ्टहून आली की पोरीला विचारायची जेवलीस का, पेपर कसा गेला, आज काय शिकवलं.

परवाची गोष्ट. मी दुपारी गॅरेजात चहा करत होतो तर मालू आली, शिफ्टला जाता जाता, कामाच्या कपड्यात, धापा टाकत. मला वाटलं काय झालं. म्हणाली, गल्लीतली एक बाई स्थळ घेऊन आली, म्हणाली तुझी पोरगी आता अठराची झाली असेल न्हवं. मी तिला म्हणालो कुठली, वेळ आहे अजून, आणि बोटांवर मोजलं, तर अक्का, होऊन गेली की ग, दीड महिना झाला. मी विचारलं मग काय म्हणालीस त्या बाईला. म्हणाली काय म्हणणार, तिला सध्या वेळ नाही म्हणालो, परीक्षा आहे तिची, नंतर तिलाच येऊन विचारा. हे सांगताना मालू, जी रडत नाही, ती रडायला लागली आणि हसायला पण लागली, दोन्ही एकदम. मी पल्लवीला विचारलं, तू पण विसरलीस का ग. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, मला आठवण होती मावशी, पण सांगितलं असतं तर तुम्ही दोघी रडल्या असता आणि माझा अकाउंटचा पेपर होता.

ज्या दिवसासाठी आम्ही दोघी बहिणी एवढ्या भांडलो, तो दिवस आला, चहा पिऊन गेला, आणि आम्हाला पत्ता नाही. ताई, तुमच्या लेकीचा, हूटगळ्ळीतल्या सगळ्या पोरींचा, तो दिवस असाच येऊन जाऊ दे, कोणाच्या लक्षात पण न येता. आणा, हात द्या इकडं, तुमच्या बांगड्या राहिल्यात भरायच्या.